गोल्फचा पहिला सेट: नवा बॉक्स सेट घ्यावा की वापरलेला?

काही महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कोचच्या क्लबांनी (गोल्फच्या काठ्यांनी) सराव झाला की स्वतःचा सेट हवासा वाटतो. मग दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे दुकानातला नवा बॉक्स सेट. दुसरा, साधारण तेवढ्याच पैशांत पिंग, कॅलवे, मिझुनो किंवा टेलरमेड अशा नावाजलेल्या कंपनीचा, कुणीतरी वापरलेला सेट. माझं मत वापरलेल्याकडे झुकतं, पण सरसकट नाही. आयर्न (मधल्या अंतराचे, धातूच्या पातळ डोक्याचे क्लब), वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा), ड्रायव्हर (सगळ्यांत लांब फटक्याचा) आणि पटर (चेंडू भोकात ढकलण्याचा) या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

बॉक्स सेटच्या बाजूने बोलायचं तर तो तपासावा लागत नाही. बॅगेसकट सगळं एकदम मिळतं, शाफ्ट, म्हणजे क्लबचे दांडे, नवशिक्याला पेलतील असे असतात आणि क्लब एकमेकांशी जुळवलेले असतात. डेकॅथलॉनच्या इनेसिस या ब्रँडचा अर्धा सेटही सुरुवातीला पुरतो. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात, कमीत कमी किती हवेत यावर बंधन नाही. अडचण पुढे येते. खेळ सुधारला की हा सेट बदलावासा वाटतो आणि तेव्हा त्याला फारशी किंमत येत नाही. डावखुऱ्यांना तर निवडीला वावच कमी.

वापरलेल्यात खरा फायदा आयर्नचा. डोकं म्हणजे भरीव पोलाद, दहा वर्षांत त्याचं फारसं काही बिघडत नाही. मागून पोकळ असलेले, म्हणजे कॅव्हिटी बॅक, घ्या. त्यांचं वजन कडेला वाटलेलं असतं, त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी फटका अगदीच वाया जात नाही. ब्लेड, म्हणजे मागून सपाट, पातळ आयर्न, दिसायला देखणे असतात, पण पहिल्या सेटसाठी नकोत.

पण डोक्याआधी शाफ्ट बघा. कोर्सवरून विकायला येणारे सेट बऱ्याचदा चांगल्या खेळाडूंचे असतात, आणि त्यांत जड, स्टिफ (कमी वाकणारे) स्टीलचे शाफ्ट असतात. ज्याच्या स्विंगला अजून वेग आलेला नाही त्याला ते दमवतात आणि चेंडू उंच उठत नाही. बहुतेक नवशिक्या पुरुषांना रेग्युलर, म्हणजे जरा जास्त वाकणारा शाफ्ट पुरतो. स्टिफ सेट कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या, असंच मी सांगेन.

मग सगळे आयर्न क्रमाने भिंतीला टेकवून उभे करा. एकापासून दुसऱ्याच्या लांबीत साधारण अर्ध्या इंचाचा फरक हवा. पायरी चुकत असेल तर कुणीतरी शाफ्ट कापलाय किंवा बदललाय. पिंगच्या आयर्नवर रंगीत ठिपका असतो, तो शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन सांगतो. काळा ठिपका म्हणजे प्रमाणित कोन. दुसऱ्या रंगाचा सेट कोचला दाखवल्याशिवाय घेऊ नका, कोन जुळला नाही तर चेंडू डावी-उजवीकडे जातो. मुंबई, कोकण, गोव्यातल्या सेटचा स्टील शाफ्ट ग्रिपच्या (रबरी मुठीच्या) खालच्या कडेपाशी नीट बघा, खाऱ्या दमट हवेत तिथे गंज धरतो.

वेगवेगळ्या काळातले क्लब एकत्र करताना लॉफ्ट, म्हणजे क्लबचा पुढचा पृष्ठभाग किती अंश मागे झुकलाय, ते विचारा; तो जितका कमी तितका चेंडू लांब जातो. नव्वदच्या दशकातल्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 34 ते 36 अंशांच्या आसपास असे. आजच्या नवशिक्यांसाठीच्या सेटमध्ये तो 28 ते 30 पर्यंत उतरलाय. नवा पिचिंग वेज 44 अंशांचा आणि जोडीला जुना सँड वेज 56 चा असेल, तर मधल्या अंतरासाठी हाताशी क्लबच उरत नाही.

वेज मात्र नवाच घ्या. त्याच्या खाचा वाळूने आणि सरावाने झिजतात, आणि चेंडूला फिरकी त्याच खाचांमुळे मिळते. वापरलेला वेज चकचकीत दिसला तरी नाण्याएवढ्या जागेत झीज झालेली असू शकते, खाचांवरून नख फिरवून बघा.

ड्रायव्हर जुना चालतो. डोक्याच्या आकाराची मर्यादा 2004 पासून 460 घन सेंटिमीटरच आहे, त्यामुळे बरीच वर्षं जुना ड्रायव्हरही आकाराने आजच्याइतकाच मोठा असतो. पुढच्या पृष्ठभागावर आणि वरच्या टोपीवर बारीक तडा आहे का ते उजेडात पाहा, आणि कानाशी हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐका. पटर तर डोळे मिटून वापरलेला घ्यावा, नजरेला आणि हाताला पटला म्हणजे झालं.

किंमत ठरवताना ग्रिपचा खर्च आधीच वजा करा. आपल्या उन्हात रबर कडक होऊन गुळगुळीत होतं, आणि सगळा सेट नव्याने ग्रिप करून घेतला की स्वस्ताईचा बराच भाग तिथेच संपतो.

कुठून घ्यायचा म्हणाल, तर येरवडा असो, चेंबूर असो की खारघर, कोर्सवरच्या प्रो शॉपमध्ये (गोल्फच्या दुकानात) आणि खेळाडूंची बॅग वाहणाऱ्या कॅडींकडे आधी विचारा. सेट कुणी, किती वापरला हे तिथे कळतं आणि रेंजवर दोन-चार चेंडू मारून बघता येतात. ऑनलाइन घेताना तेवढं होत नाही, शिवाय नकली मालाची भीती असते. विक्रेत्याकडून सिरियल नंबरचा स्पष्ट फोटो मागा आणि तो कंपनीकडे पडताळून घ्या. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो सेट घेऊ नका.