स्वयंपुनर्विकासात रोजचे निर्णय कोणाचे: सभेचे की पाच जणांच्या समितीचे?

स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच आपली इमारत नव्याने बांधायचा ठराव झाला, पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमला, बँकेशी कर्जाची बोलणी सुरू आहेत, असं धरून चालतो. आता काम सुरू झाल्यावर निर्णय कोणी घ्यायचे? आमच्या 36 बिऱ्हाडांनी दोन्ही पद्धती करून पाहिल्या.

पहिली पद्धत म्हणजे सगळं सर्वसाधारण सभेपुढे न्यायचं. सहकार कायद्याच्या कलम 72 प्रमाणे अंतिम अधिकार सभेचाच, त्यामुळे नंतर ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणायला कोणाला जागा राहत नाही. दहा-बारा घरांची सोसायटी असेल तर हेच बरं. जिन्यात उभं राहूनही बोलणं होतं.

आमचं मात्र पाइलिंगला, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालायच्या कामाला, घोडं अडलं. एका कोपऱ्यात खडक अपेक्षेपेक्षा बराच खाली लागला. पीएमसी म्हणाला, आणखी खोल जाऊ, साधारण चार लाख वाढतील. अध्यक्ष म्हणाले, सभेला विचारू. नोटीस निघाली. पहिल्या सभेला गणपूर्ती नाही. दुसऱ्या सभेत दीड तास पार्किंगवर गेला आणि खडकाचा विषय जेवणाच्या वेळेला आला. तोवर 19 दिवस मशीन आवारात उभं होतं. कंत्राटदाराने त्याचा आकार लावला, बँकेचं व्याज चालूच होतं. दोन्ही मिळून जवळपास तेवढेच चार लाख गेले. खोल तर जावं लागलंच.

त्यानंतर पाच जणांची प्रकल्प समिती नेमली. तीन लाखांपर्यंतचं जादा काम तिने मंजूर करायचं, दहापर्यंत व्यवस्थापक समितीच्या संमतीने, त्यापुढे सभा. सभेने हे अधिकार ठरावात आकड्यांसकट लिहून द्यायला हवेत, नाहीतर पाच जण नुसते सल्लागार उरतात. खजिनदाराला या पाचांत घेऊ नका. बिल पास करणारा आणि चेक लिहिणारा वेगळा बरा.

मोठ्या प्रमाणावर कोकण रेल्वेत हेच झालं. 1990 मध्ये रेल्वे आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्यं भागीदार असलेलं स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं आणि रोजचे निर्णय तिथेच होऊ लागले. तरी गोव्यात मार्गाच्या आखणीवरून लोक रस्त्यावर आले आणि तिथलं काम काही काळ थांबलं. म्हणजे वेगवान समिती असली तरी लोकांचा प्रश्न सुटतोच असं नाही. आमच्याकडेही कुजबुज झालीच. पाचांपैकी एक काका चिडून बाहेर पडले. दर रनिंग बिल (कंत्राटदाराचं झालेल्या कामापुरतं बिल) सूचना फलकावर लावायला लागलो तेव्हा जरा थंडावलं.

तुमच्याकडे सभासद नियमित येत असतील आणि वेळेत बोलून संपवत असतील, तर पहिली पद्धतही चालेल. अशी सोसायटी मी अजून पाहिलेली नाही, एवढंच.

पार्किंगचं वाटप, कुठला फ्लॅट कोणाला, इमारतीचा रंग हे मात्र सभेकडेच ठेवा. आमच्याकडे रंगावर साडेतीन तास वाद झाला. झाला तर झाला, त्यासाठी मशीन कुठे उभं होतं?