जुनी साडी की प्लास्टिक?

फरशी फोडायच्या आदल्या रात्री धुळीपासून सामान झाकायला आईने जुन्या साड्या काढल्या, मी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा रोल आणला. कपाटावर साडी, पुस्तकांच्या मांडणीवर प्लास्टिक. कटर दोनच तास चालला. साडी उचलली तर खाली पिठासारखी पांढरी धूळ. विणीतून गाळून आलेली, म्हणजे सगळ्यात बारीक. प्लास्टिकखाली काही नाही, पण तेही कडा मास्किंग टेपने चिकटवल्या होत्या म्हणून. नुसतं टाकलं तर वाऱ्याने उडतं. जमिनीवर मात्र प्लास्टिक नकोच: पाय सरकतो, फरशीचे तुकडे टोचून फाटतं. तिथे गोणपाट. साडी फुकट, धुऊन परत वापरता येते, हे आईचं म्हणणं खरं. फक्त धुताना मोरीत झालेला सिमेंटचा राडा मला काढावा लागला.