‘ओरिजिनल आहे’ म्हणून घेतलेलं रेसिंगचं सामान: नवशिक्यांना कुठे फसवतात

डोंबिवलीच्या एका मुलाने पहिल्या ऑटोक्रॉससाठी, म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ लावून गाडी चालवण्याच्या स्पर्धेसाठी, जुनी स्विफ्ट तयार करून घेतली. हेल्मेट, सूट, हार्नेस (अनेक पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट), बकेट सीट आणि रोल केज (गाडीच्या आत बसवायचा पाइपांचा सांगाडा), सगळं एकाच माणसाकडून, एक लाख चाळीस हजारांत. सत्तर टक्के आगाऊ, बाकीचे गाडी ताब्यात घेताना. स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, गाडी आत गेली आणि पंधरा मिनिटांत परत पाठवली. पाचपैकी एकही वस्तू पास झाली नाही.

विकणाऱ्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आम्ही वाचले. ‘भाऊ, सगळा ओरिजिनल माल आहे, डुप्लिकेट निघाला तर पैसे परत.’ यातली खरी चलाखी अशी की पाचपैकी तीन वस्तू खरोखर अस्सल होत्या. हेल्मेट अस्सल होतं, पण मोटरसायकलचं. सूट अस्सल होता, पण कार्टिंगचा. हार्नेस अस्सल होता, पण मुदत संपलेला. उरलेल्या दोन, म्हणजे सीट आणि केज, तेवढ्या खोट्या. त्यामुळे ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्नच विचारू नका. कोणतं स्टँडर्ड, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारा आणि पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मागा.

हेल्मेटपासून सुरुवात करू. आतलं कापडी अस्तर सरकवलं की स्नेलचा, म्हणजे हेल्मेट तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा, स्टिकर दिसतो. त्यावर ‘एम’ लिहिलं असेल तर ते मोटरसायकलचं. गाडीसाठी ‘एसए’ लागतं, उदाहरणार्थ एसए२०२०. फरक केवळ अक्षराचा नाही. एसए हेल्मेटची आगीत चाचणी होते, एमची होत नाही. एसएला रोल केजच्या पाइपसारख्या आकारावर आपटूनही बघतात, कारण गाडीत डोकं तिथेच आदळतं. शिवाय नव्या एसए हेल्मेटमध्ये मानेच्या आधाराचे, म्हणजे हान्सचे, पोस्ट बसवायला दोन्ही बाजूंना एम६ आट्याची जागा कंपनीतूनच येते. या मुलाला विकणारा म्हणाला, ‘हान्स लागला तर भोकं पाडून देतो.’ हेल्मेटच्या कवचाला ड्रिल लावायचा नसतो. भोकाशी कवच कमकुवत होतं आणि अपघातात मानेचा सगळा ताण नेमका तिथेच येतो. आयएसआय, म्हणजे आयएस ४१५१, हेही दुचाकीचंच मानक आहे. स्पर्धेचे नियम काय मागतात ते आधी वाचा, मग हेल्मेट घ्या.

सूटचं ओळखणं त्याहून सोपं. गाडीच्या सूटवर कॉलरशी एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) ८८५६-२००० किंवा ८८५६-२०१८ हा क्रमांक असतो. कार्टिंगच्या सूटवर सीआयके-एफआयए (एफआयएची कार्टिंग शाखा) आणि ‘लेव्हल २’ असं असतं. उघड्या कार्टमधून माणूस डांबरावर घसरत जातो, म्हणून तो सूट घासण्यापासून वाचवायला बनवतात. आगीशी त्याचा काही संबंध नाही. क्रमांकच नसलेला सूट कुणी ‘नोमेक्स’ (आग सहन करणारं अरॅमिडचं कापड) म्हणून दाखवत असेल, तर आतल्या शिवणीजवळचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडेपेटीची ज्योत लावा. पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळून काळा मणी होतो, आणि हाच मणी कातडीला चिकटतो. अरॅमिडचा धागा काळा पडतो, ज्योत काढली की विझतो, वितळत नाही. मात्र औषध लावलेलं सुती कापडही स्वतःहून विझतं, म्हणून धागा विझला एवढ्यावर पैसे मोजू नका. ही चाचणी खोटं पकडायला आहे, खऱ्याचा दाखला द्यायला नाही.

हार्नेसच्या बाबतीत सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण जुना पट्टा दिसायला नव्यासारखाच असतो. एफआयए हार्नेसच्या लेबलवर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो बाद होतो. नवा घेतला तर साधारण पाच वर्षं मिळतात. बाहेरच्या संघांनी काढून टाकलेले पट्टे इकडे स्वस्तात येतात आणि धुऊन, बकल पॉलिश करून विकले जातात. या मुलाच्या हार्नेसमध्ये खांद्याच्या पट्ट्यांवर चालू वर्ष होतं आणि कमरेच्या पट्ट्यावर २०१९. खांद्याचं लेबल नीट पाहिलं तर चारही कडांना टाके वेगळे: पट्ट्याची मूळ शिलाई जाड आणि एकसारखी, लेबलची मात्र घरगुती मशीनची, बारीक आणि एका कोपऱ्यात दुमडलेली. शेजारी जुन्या सुईची रिकामी भोकं ओळीने दिसत होती. म्हणून खांदे आणि कंबर, सगळ्या पट्ट्यांवरची लेबलं जुळवून बघा. ८८५३/९८ हे जुनं मानक आणि ८८५३-२०१६ हे नवं. ऊन आणि घामाने पट्ट्याचा धागा कुजतो, आणि एकदा जोरात अपघात झाला की धागा ताणून संपलेला असतो. वरून काहीही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘चार पॉइंटचा’, म्हणजे फक्त चार जागी बांधलेला हार्नेस, ‘चालतो’ असं सांगितलं तर घेऊ नका. मांड्यांमधला पट्टा नसेल, तर खांद्याचे पट्टे आवळताना कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि धडकेत शरीर त्याच्याखालून पुढे सरकतं. मग भार हाडावर न येता पोटातल्या अवयवांवर येतो. बसवतानाही बघा: खांद्याचे पट्टे सीटमधून मागे जवळपास आडवे जायला हवेत, फार तर दहा अंश खाली, ४५ अंशांपलीकडे तर नियमच जाऊ देत नाही. मागच्या सीटच्या तळाशी पट्टे बांधले, तर धडकेत तेच पट्टे कणा खाली दाबतात. पट्टे गाडीला बांधणारे अँकरचे बोल्ट ७/१६ यूएनएफ (इंची आट्याचे) किंवा एम१२ असावेत, एम१२ च्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असावं, आणि पत्र्यामागे किमान ४० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट हवी. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ असतो. नुसत्या वॉशरवर बोल्ट ठेवला तर तो पत्रा फाडून निघतो. हे बोल्ट मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. त्यांच्यावर दोन पैसे वाचवण्यात काहीच हशील नाही.

सीटवर एफआयए ८८५५-१९९९ चा स्टिकर होता, तोही चांगल्या छपाईचा. मात्र असा स्टिकर कुठलाही छपाईवाला काढून देतो. मान्यता क्रमांक ‘सीएस’ने सुरू होतो आणि एफआयएच्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक यादी क्रमांक १२ मध्ये तो मॉडेलच्या नावासकट सापडतो. या सीटवरचा क्रमांक यादीत होता, पण दुसऱ्याच कंपनीच्या मॉडेलपुढे. या मानकाची सीट बनवल्याच्या तारखेपासून पाच वर्षं चालते. खोटी सीट हातानेही कळते: पाठीमागे राळेचे ओघळ वाळलेले असतात आणि दोन्ही बाजू गुडघ्यांनी दाबल्या की कवच करकरतं.

आता केज. पैसा इथेच जास्त जातो आणि जीवही इथेच अवलंबून असतो. एफआयएच्या नियमात केजला थंड ओढलेला सिमलेस (लांबीत जोड नसलेला) कार्बन स्टीलचा पाइप लागतो: मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर, बाकीच्या पाइपांना ३८ × २.५ किंवा ४० × २. बाजारात त्याच बाहेरच्या मापाचा वेल्डेड पाइप बराच स्वस्त मिळतो. रंग मारला की दोन्ही सारखेच, आणि केज रंगवूनच दाखवतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही. जाडी लपवता येते, वजन मात्र लपत नाही. ४५ × २.५ चा पाइप मीटरला साधारण २.६२ किलो भरतो, १.६ मिलिमीटर जाडीचा १.७१ किलो. काम सुरू होण्याआधी त्याच पाइपचा दहा सेंटिमीटरचा कट पीस मागा आणि किराणावाल्याच्या डिजिटल काट्यावर ठेवा: २६० ग्रॅमच्या आसपास हवा, १७० भरला तर गाडी तिथून काढून घ्या. त्याच तुकड्यात बोट घालून फिरवा. लांबीच्या दिशेने बारीक उंचवटा लागला तर तो वेल्डेड पाइप. उंचवटा तासून काढलेलाही असू शकतो, म्हणून पाइपच्या बिलावर ‘सिमलेस’ आणि माप लिहून घ्या. मुंबईच्या दारूखाना भागातल्या लोखंडबाजारात पाइप घ्यायला स्वतः जा, गॅरेजवर सोडू नका.

पाइप बरोबर असूनही केज बिघडतो. वाकवताना पाइप चेपला तर जोर तिथेच मोडतो. वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५ च्या पाइपला १३५ मिलिमीटर. वाकावर व्हर्नियरने दोन्हीकडून माप घ्या. लहान माप मोठ्याच्या ०.९ पटीहून कमी नको. आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर तो वाक बाद.

वेल्डिंग बघायला टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जा. कमानीच्या वरच्या सांध्यांना छताकडच्या बाजूने वेल्डिंगचं हत्यार पोहोचत नाही, म्हणून गॅरेजवाले तिथला अर्धा सांधा तसाच सोडतात आणि वरून पुट्टी भरतात. नीट काम करणारे तळाच्या पत्र्याला भोकं पाडून केज खाली सोडतात, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करतात, मग केज वर उचलून पायाखाली प्लेट बसवतात. या स्विफ्टमध्ये आरसा लावल्यावर चार सांधे अर्धेच निघाले. पायाखालच्या प्लेटा पाच बाय पाच सेंटिमीटरच्या होत्या. हव्यात १२० चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे दहा बाय बारा, ३ मिलिमीटर जाड. पत्र्यावरचा डांबरी थर न खरवडताच टाके मारले होते. पाना लावून जरा ताण दिल्यावर एक प्लेट हातात आली.

किल स्विच (गाडीची वीज तोडून इंजिन बंद करणारा) आणि फायर एक्स्टिंग्विशरमध्ये छोटी फसवणूक होते. दोन टर्मिनलचा साधा स्विच फक्त बॅटरी तोडतो. इंजिन अल्टरनेटरवर चालूच राहतं. सहा टर्मिनलचा, रेझिस्टर लावलेला घ्या आणि इंजिन चालू ठेवून फिरवून बघा: बंद पडलं तरच बरोबर. एक्स्टिंग्विशर दोन किलोचा, धातूच्या दोन पट्ट्यांनी बांधलेला हवा. वजन करून घ्या, आणि नळ्यावरच्या वजनाच्या आकड्याशी ताडून बघा. ‘रेसिंग ब्रेक ऑइल’ सुट्या बाटलीतून घेऊ नका. सीलबंद डॉट ४ पुरतं.

पहिल्या ऑटोक्रॉसला केज लागतोच असं नाही. स्पर्धेची नियमपुस्तिका आधी मागा. बऱ्याचदा नीट हेल्मेट, गाडीचे चालू स्थितीतले बेल्ट, ब्रेक आणि टायर एवढ्यावर भागतं. आणि केज बसवलेली गाडी रस्त्यावर रोज चालवू नका. हेल्मेटशिवाय डोक्याशेजारी लोखंडी पाइप ठेवण्यासारखंच ते आहे.

फसल्याचं लक्षात आलं तर रागाच्या भरात केज कापून टाकू नका. आधी प्रत्येक लेबलचे, सांध्याचे आणि प्लेटचे मापपट्टी ठेवून फोटो काढा, चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक लिहून ठेवा आणि स्क्रुटिनीचा नापासाचा कागद जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. माल न पाठवताच पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर लगेच १९३० वर कळवा, तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. या मुलाकडे पक्कं बिल नव्हतं, पण ‘सिमलेस ४५ बाय २.५’ असं विकणाऱ्याने स्वतः लिहिलेला मेसेज होता. तो मेसेज आणि १.६ मिलिमीटरचा कापलेला तुकडा समोर ठेवल्यावर केजचे पैसे परत आले. हेल्मेट, सूट आणि हार्नेसचे आले नाहीत, कारण ‘गाडीसाठी’ असं त्याने कुठेच लिहून घेतलेलं नव्हतं.

तुमच्याकडे मुदत संपलेला हार्नेस असेल तर तो पाचशे-हजारांसाठी कुणाला देऊ नका. कात्रीने सगळे पट्टे मधोमध कापा, लेबलं वेगळी जाळा, आणि बकल तेवढं भंगारात घाला.