युनियनची कंपनी की बिनयुनियनची? सही करण्याआधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवा

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगा आला होता. आयटीआय फिटर, गाव उदगीरकडचं, भोसरीत चौघांत मिळून खोली. हातात दोन पत्रं. पहिलं पिंपरीतल्या जुन्या कंपनीचं: दोन वर्षं ट्रेनी, महिना १७,००० रुपये, पुढे ‘कामगिरी आणि रिक्त जागा पाहून’ कायम. तिथे युनियन आहे आणि ती जुनी, भक्कम आहे. दुसरं चाकणच्या पुढच्या नव्या कारखान्याचं: पहिल्या दिवसापासून कंपनीच्या रोलवर, हातात २३,०००, सहा महिने प्रोबेशन, दरवर्षी अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन. तिथे युनियन नाही. ‘काका, कुठली घेऊ?’ एवढंच त्याने विचारलं.

मी २६ वर्षं युनियनच्या कंपनीत काढली, त्यातली सहा युनियनच्या कमिटीवर. त्याआधी तीन वर्षं एका वर्कशॉपमध्ये होतो, तिथे युनियन हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. म्हणजे माझं मन कुठे झुकतं हे वाचणाऱ्याने आधीच धरून चालावं. पण त्या मुलाला मी लगेच ‘पिंपरी घे’ म्हणालो नाही. का नाही, ते इथे लिहितो.

पगार: आज हातात किती, आणि दहा वर्षांनी किती

सहा हजारांचा फरक लहान नाही. दोन वर्षांत १ लाख ४४ हजार होतात. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न आहे किंवा सोसायटीचं कर्ज थकलंय, त्याला ‘पुढचा विचार कर’ असं सांगणं सोपं असतं, पण ती दोन वर्षं त्यालाच काढायची असतात. म्हणून इथे पहिला गुण मी चाकणला देतो.

कायम झाल्यावर मात्र चित्र उलटतं. युनियनच्या कंपनीत पगार करारावर चालतो. साधारण तीन ते चार वर्षांनी मागणीपत्र जातं, महिनोन्महिने बोलणी चालतात आणि सही झाली की गेटवर गुलाल उडतो. करार उशिरा झाला तर मागच्या तारखेपासूनचा फरक एकरकमी मिळतो. कित्येक कामगारांच्या घराचं डाऊन पेमेंट या फरकातूनच झालं आहे. पेपरात ‘१५ हजारांची घसघशीत वाढ’ असं छापून येतं, तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. ती वाढ किती टप्प्यांत मिळणार? आणि तिच्यात पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), बस, मेडिक्लेम सगळं मोजलंय का? बहुतेक वेळा मोजलेलं असतं. शिवाय वाढीच्या बदल्यात उत्पादन किती वाढवून द्यायचं, हेही त्याच करारात लिहिलेलं असतं.

बिनयुनियनच्या कंपनीत वाढ अप्रेझलवर ठरते. सुपरवायझर चांगला असेल, तुम्ही सीएनसी सेटिंग किंवा रोबोट प्रोग्रॅमिंग पटकन उचललंत, तर तिथे तुम्ही झपाट्याने वर जाल. आमच्याकडे तसं होत नसे. एका ग्रेडमध्ये मन लावून काम करणारा आणि वेळ काढणारा, दोघांना सारखीच वाढ मिळते. माझ्या शेजारच्या मशीनवर एक फार हुशार मुलगा होता. सगळ्या लाइनीचे बिघाड तोच काढायचा आणि पगार मात्र इतरांइतकाच. पाच वर्षांनी तो सोडून गेला. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

एक गोष्ट तरुण मुलं बघतच नाहीत, ती म्हणजे स्लिपवरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता. ग्रॅच्युइटी यावरच निघते: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, की एका वर्षाची रक्कम येते. समजा दोघांचा एकूण पगार ६०,००० आहे. एकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,०००, तर ३० वर्षांचे ९ लाख. दुसऱ्याचा २६,०००, बाकी सगळे वेगवेगळे भत्ते, तर साडेचार लाख. जुन्या युनियनांनी महागाई भत्ता महागाईच्या निर्देशांकाला बांधून घेतला, तो याचसाठी. नव्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे, त्यामुळे ही दरी थोडी कमी होईल. पण थोडीच.

बोनसचा कायदा दोन्हीकडे एकच. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. फरक इतकाच की दिवाळीच्या आधी युनियन व्यवस्थापनासमोर बसून त्यावर आणखी काही मागू शकते.

नोकरी कशी जाते

माझ्या वर्कशॉपच्या दिवसांत एका हेल्परला मालकाने गेटवरच सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ कारण काय, तर आदल्या रात्री त्याने तिसरी पाळी करायला नकार दिला होता, घरी बायको बाळंत होती म्हणून. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. आम्हीही नव्हतो. मान खाली घालून पंचिंग केलं आणि आत गेलो.

पुढे युनियनच्या कंपनीत प्रेसवर डाय (साचा) फुटली आणि ठपका ऑपरेटरवर आला. त्याला चार्जशीट मिळाली, सस्पेंड केलं. पण चौकशी झाली. त्याच्या वतीने आमचा एक सहकारी उभा राहिला, मेंटेनन्सचं रजिस्टर मागवलं गेलं आणि त्यात निघालं की सेन्सर बिघडल्याची तक्रार त्याच ऑपरेटरने तीन दिवस आधी लिहून ठेवली होती. तो कामावर परत आला. चौकशी चालू असताना पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावं लागतं आणि उशीर कामगारामुळे होत नसेल तर पुढे ७५ टक्के. हा नियम बिनयुनियनच्या मोठ्या कारखान्यालाही लागू असतो. पण तो मागायला कुणीतरी सोबत लागतं. एकट्या माणसाला एचआरच्या खोलीत राजीनाम्याचा कागद पुढे आला की पेन हातात घ्यावंसं वाटतं.

हीच ढाल कधी कधी नको त्यालाही मिळते. दारू पिऊन येणाऱ्याला कमिटीने वाचवलं आणि त्याच्या वाट्याचं काम दोन ट्रेनींनी ओढलं, हेही मी पाहिलंय. तेव्हा मी गप्प बसायला नको होतं.

ट्रेनी म्हणजे नक्की काय

आता खरा मुद्दा. पिंपरीच्या पत्राला मी ताबडतोब होकार दिला नाही, तो यामुळे. ‘युनियनची कंपनी’ हे कंपनीचं वर्णन झालं, त्या मुलाच्या नोकरीचं नाही. ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी यांतलं कुणीही बहुतेक ठिकाणी युनियनचं सभासद नसतं. करार झाला, गुलाल उडाला, तरी त्याच्या स्लिपवर काही चढत नाही.

पत्रात ‘अप्रेंटिस कायदा १९६१’ असं लिहिलं असेल तर समजून घ्या की तुम्ही कायद्याने शिकाऊ आहात, कामगार नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलं असेल तर पगार-सवलती त्याच कामाच्या कायम कामगाराइतक्या मिळायला हव्यात आणि ग्रॅच्युइटीही एका वर्षानंतर लागू होते. पण तारीख आली की नोकरी संपते आणि ती कामगारकपात धरली जात नाही. आमच्या वेळी स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, कलम होतं की तात्पुरत्या कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले तर त्याला कायम करायचं. त्यातूनच एमआयडीसीत सात महिन्यांचा ब्रेक रूढ झाला. सात महिने काम, मग घरी, मग दुसऱ्या नावाच्या पत्रावर पुन्हा तीच मशीन. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवली होती, तरी ब्रेक चालूच राहिले.

यात युनियनचा हात नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या एका करारात व्यवस्थापनाने अट घातली: जुन्यांना मोठी वाढ देतो, पण इथून पुढे लागणाऱ्यांची वेतनश्रेणी वेगळी, खालची. सभेत हात वर करायला सांगितलं तेव्हा मी हात वर केला. मुलीची फी भरायची होती. नंतर दहा वर्षं त्या खालच्या श्रेणीतली मुलं माझ्याच लाइनीवर माझंच काम करत होती, माझ्या निम्म्याहून कमी पगारात, आणि मला ‘काका’ म्हणायची. युनियनने माझं भलं केलं हे मी कधी विसरणार नाही, आणि तो हातही विसरणार नाही.

म्हणून पिंपरीच्या कंपनीबद्दल तीन गोष्टी शोधायला त्याला सांगितलं. मागच्या दोन बॅचमधले किती ट्रेनी कायम झाले? शेवटच्या करारात नव्या लोकांसाठी वेगळी श्रेणी आहे का? आणि युनियनची निवडणूक शेवटची कधी झाली?

संप आणि घरातली धास्ती

घरातली मोठी माणसं युनियन म्हटलं की १९८२ काढतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरं त्यातून परत उभी राहिली नाहीत. पण त्या संपाचं एक मूळ कायद्यात होतं हे फार कमी सांगितलं जातं. १९४६ च्या कायद्याने गिरण्यांत वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी ती बदलता येत नव्हती. तिसरा प्रश्न, निवडणुकीचा, मी यासाठीच विचारायला सांगतो. जी युनियन सभासदांना बदलता येते, तिचा धोका कमी असतो.

जवळचं उदाहरण हवं असेल तर चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांचा २०१३ चा संप. सुमारे ५० दिवस चालला आणि फारसं काही पदरात न पडता मागे घेतला गेला. संपाच्या दिवसांचा पगार मिळत नाही. दहा किंवा जास्त जणांनी मिळून नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय काम बंद ठेवलं, तर पत्रातल्या अटींनुसार आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने सगळ्याच उद्योगांत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. निम्मे कामगार एकाच वेळी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांपासून पुढे लागते. म्हणजे तीनशेच्या आतल्या कारखान्यात युनियन असली तरी तिचा दबाव पूर्वीइतका राहिलेला नाही. कंपनी केवढी आहे हे त्यामुळे बघायलाच हवं.

तरीही संपाची भीती मोजून मापून घ्यावी. माझ्या २६ वर्षांत आमचा संप एकदाच झाला, १९ दिवसांचा. त्या १९ दिवसांत पतपेढीने उचल दिली आणि किराणा दुकानदाराने वही चालू ठेवली.

डिप्लोमावाल्यांसाठी

तुम्हाला ‘ज्युनिअर ऑफिसर’ किंवा ‘स्टाफ’ म्हणून पत्र मिळालं तर युनियनच्या कंपनीत असूनही तुम्ही बहुधा युनियनच्या बाहेर असाल. करार तुम्हाला नाही, ओव्हरटाइम दुप्पट दराने नाही, आणि संपात मशीन चालवायला तुम्हालाच उभं करतील. कायद्यात पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचं मानलं जातं, पण ते सिद्ध करायला कोर्टात बरीच वर्षं जातात. अशा पत्राची तुलना सरळ बिनयुनियनच्या नोकरीशीच करा.

रजा, कँटीन, बस, आईवडिलांचा मेडिक्लेम यांत जुन्या युनियनच्या कंपन्या सहसा पुढे असतात. त्यावर जास्त लिहीत नाही, गेटवर कुणीही सांगेल.

त्या मुलाने काय केलं

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते तेव्हा तो दोन दिवस पिंपरीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनींशी बोलला. मागच्या बॅचमधले वीसपैकी चौदा कायम झाले होते, नव्यांना वेगळी श्रेणी होती पण सहा वर्षांत ती जुन्या श्रेणीला मिळते असं करारात लिहिलेलं होतं, आणि निवडणूक दोन वर्षांपूर्वी झाली होती. या उत्तरांवर मी त्याला पिंपरी घ्यायला सांगितलं. वीसपैकी चार झाले असते तर चाकण सांगितलं असतं, तिथे दोन-तीन वर्षं चांगलं मशीन शिकून घे म्हणून. आणि घरी दरमहा वीस हजार पाठवल्याशिवाय भागत नसतं, तर बाकी काही न बघता चाकणच.

पत्राची झेरॉक्स त्याने माझ्याकडे ठेवलीय. दोन वर्षांनी ‘रिक्त जागा पाहून’ या शब्दांवर वाद निघाला, तर ते घेऊन कमिटीकडे मी स्वतः जाणार आहे.