बालकवितांची पुस्तकं: पेरणीपासून हरभरा सोंगेपर्यंतच्या वापरानंतर

घरात किंवा शेजारी पहिली ते सहावीतली लेकरं असतील आणि त्यांच्यासाठी मराठी कवितांची पुस्तकं घ्यावी का, असा विचार चालू असेल, तर हे वाचा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. मी शेती करतो. माझी दोन, भावाची दोन आणि गल्लीतली येतील ती, एवढी गिऱ्हाइकं. पुस्तकं मृगाच्या तोंडावर आणली, आता हरभरा सोंगून झालाय. मधल्या काळात रात्रीचं जेवण झालं की ओसरीवर वाचन. कापूस वेचणीत खंड पडला, तेवढाच.

आणलं होतं ते असं: विंदा करंदीकरांची तीन, बालकवींच्या निवडक कविता, रवींद्रनाथ टागोरांच्या ‘शिशु’मधल्या कवितांचा मराठी अनुवाद आणि एक जाड, गुळगुळीत कागदाचं रंगीत बालगीतांचं पुस्तक. त्या जाड पुस्तकाचं आधी उरकतो. पानापानावर चांदोमामा, छकुली आणि शेवटी दात घासायचा उपदेश. कवीचं नाव कुठेच नाही. पोट्ट्यांनी चित्रं पाहिली आणि बाजूला ठेवलं. लेकरू म्हणजे लाडात बोलणारं, जगाचं काही न कळणारं, असं धरून कोणी तरी मोठ्या माणसानं लिहिलंय. आमच्याकडची पोट्टी नऊव्या वर्षी बकऱ्या वळते आणि कोणती बकरी कधी विणार ते सांगते. तिला छकुली म्हटलेलं तिलाच सहन होत नाही.

पैसे वसूल झाले ते विंदांवर. ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चं पुस्तक आहे, म्हणजे माझ्या जन्माआधीचं, पण एवढ्या वर्षांत त्याला गंज चढलेला नाही. या देशात सगळ्याची तऱ्हाच निराळी. मला वाटलं होतं पोरं हसतील आणि पुढं चला म्हणतील. हसली, पण मग देश चालवायलाच घेतला. एटूंच्या गावात रेशन दुकान कसं असन, एस.टी. कुठं थांबन, मास्तर कोण. कापसाच्या दिवसांत भावाच्या पोरीनं नवीन कलम टाकलं: तिथं माणसं पऱ्हाटी (कपाशी) वेचत नाहीत, पऱ्हाटीच माणसं वेचते. लगेच दुसरा म्हणाला, “मंग माणसाचा भाव काय असन?” मी गप्प. पोरगी म्हणाली, “ओला असन तं कमी. वाळला असन तं पुरा.” खरेदीला नेलेला कापूस ओला म्हणून भाव पाडतात, हे तिनं बापाच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. माझा भाऊ दाराशी सुपारी कातरत होता, तो हसला की नाही ते मला कळलं नाही.

हे सांगायचं कारण असं की कल्पना म्हणजे पोरं कुठं तरी ढगात जातात, हा समज या पुस्तकानं माझा तरी मोडला. उलटा देश उभा करायला सुलटा देश नीट माहीत लागतो. आणि एकदा नियम ठरला की पोरं तो मोडू देत नाहीत. गल्लीतल्या एकानं एटूंच्या गावात साधी बैलबंडी आणली, तर बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं. इथं बैल बंडीत बसते आणि माणूस ओढते, म्हणे. नियम म्हणजे नियम. विंदांची कविता याच कडकपणानं चालते. मोठ्यांच्या कवितेसाठी ज्ञानपीठ मिळालेला माणूस पोरांसाठी लिहिताना एक मात्रा ढिली सोडत नाही, म्हणून दोन वेळा वाचलं की पाठ होतं.

‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ (१९८१) आणलं तेव्हा आईनं विरोध केला. “राती भुतं कायले वाचता? पोट्टे झोपतीन नाही.” झालं वेगळंच. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरतात म्हणून पुरुष माणसं रात्री जागलीला जातात, आणि जागलीवरून येताना भुतांच्या गोष्टी घेऊन येतात. त्या ऐकून पोरं अंगणात जायला भीत. विंदांची भुतं भेटल्यावर त्यांनी गावातल्या भुतांना नावं ठेवायला सुरुवात केली, त्यांची नाती लावली, एकाचं लग्नही ठरवलं. चिंचेखालच्याला सर्दी असते. आता चिंचेखालून जाताना पोरं ओरडतात, “बाम लाव!”

‘राणीची बाग’ (१९६१) मात्र थोडं अडलं. ती बाग मुंबईत भायखळ्याला, पिंजऱ्यातल्या प्राण्यांची. आमच्या पोरांना पिंजरा माहीत नाही, डुक्कर कुंपण तोडून येतं एवढं माहीत. चांगलं पुस्तक आहे, पण इकडे त्याला तिसरा नंबर.

बालकवींबद्दल सावध होतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना बालकवी हे नाव मिळालं ते १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, तेव्हा ते कोवळ्या वयातले कवी होते म्हणून. पोरांसाठी लिहिणारे म्हणून नव्हे. दुकानदार मात्र बालविभागातच ठेवतात. (१९१८ च्या मे महिन्यात भादलीला रेल्वेखाली ते गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंदा जन्मले.) बालकवींची निसर्गाची ओढ खरी म्हणजे हरवलेल्या माणसाची ओढ आहे. दहा वर्षांच्या पोराचं काही हरवलेलंच नसतं, त्यामुळे बऱ्याच कविता पोरांच्या डोक्यावरून गेल्या. ‘औदुंबर’ आठ ओळींची. सात ओळी शांतता, आणि आठवीत झाड पाण्यात पाय सोडून बसलंय म्हटल्यावर एकदम गलका. आमच्या नाल्यावरच्या उंबराला कोणते पाय आहेत, यावर भांडण.

‘फुलराणी’ पावसाळ्यात वाचली तर कोणी ऐकली नाही. पुन्हा काढली ती थंडीत, हरभरा घाटे धरायच्या आधी. आमच्याकडे त्या दिवसांत रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरतात. सकाळी दवानं ओलं झालेलं फडकं पिळलं की आंबट पाणी निघतं, ती आंब. पोटदुखीवर आजीबाई जपून ठेवतात. फुलराणीच्या लग्नात सूर्यकिरण नवरदेव आणि मध्ये अंतरपाट आहे तो दवाचा. तिथं माझा धाकटा थांबला आणि म्हणाला, “बाबा, मंग थो अंतरपाट आंबट असन का?” शंभर वर्षांत कोणा समीक्षकाला हे सुचलं नसावं. त्यानंतर ती कविता त्यानं स्वतः मागून घेतली. म्हणून सांगतो, बालकवी घ्या, पण ऋतू पाहून काढा.

टागोरांचं ‘शिशु’ बंगालीत १९०३ मध्ये आलं. पत्नी आदल्या वर्षी गेलेली, मुलगी रेणुका आजारी, अशा दिवसांत यातल्या बऱ्याच कविता झाल्या. हे पोरांना सांगितलं नाही, मला माहीत असलं की पुरे. यातली ‘वीरपुरुष’ इथं सगळ्यांत जास्त खेळली गेली, वाचली कमी. मुलगा आईला पालखीत घेऊन निघालाय, आपण घोड्यावर, वाटेत डाकू, एकटा लढतो. पालखीची बंडी झाली, डाकूंची रानडुकरं झाली, आई मात्र आईच राहिली. तिला मधेच भाकरी टाकायला जायचं असे, त्यामुळे लढाई अर्धवट. शेवटी तो मुलगा म्हणतो, असं खरंच का होत नाही? आणि दादाला तर हे पटणारच नाही. वाचताना त्या ठिकाणी पोरं हसत नाहीत. खोटं कुठं संपतं ते त्यांना चांगलं माहीत असतं.

एक गोष्ट पुस्तकात शोधू नका, ती गावातच आहे. पोळ्याच्या झडत्या म्हणजे रांगेत बैल उभे असताना एकमेकांना टोमणे मारत म्हटलेली कवनं. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, तेव्हा त्याच चालीवर स्वतःच्या ओळी जुळवतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी असतात आणि गाणी झाली की झाकलेली खिरापत ओळखायची. यंदा आमच्या पोरींनी भुलाबाईच्या गाण्यात एटूला घुसवला. म्हाताऱ्या रागावल्या, मग त्यांनीच दुसरं कडवं सांगितलं.

कागद, बांधणीचं थोडक्यात. पातळ पुस्तकांच्या पिना महिन्याभरात सुटल्या, सुई-दोऱ्यानं शिवून घेतल्या. टाईप मोठा हवाच, कारण दिव्याखाली पाचजण एका पानावर झुकतात आणि लाईन गेली की मोबाईलच्या उजेडात वाचावं लागतं.

विंदांना पाचपैकी पाच, टागोरांना चार, बालकवींना पावसाळ्यात दोन आणि थंडीत साडेचार. एकच घ्यायचं तर ‘एटू’ घ्या. अनुवाद घेत असाल तर दुकानातच उभं राहून दोन कविता मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर ठेवून द्या, पोरं दुसऱ्यांदा मागणार नाहीत.