हप्त्याची गाडी आणि नादारीचा अर्ज: ठेवायची, का सोडून जुनी घ्यायची?

बेळगाव घ्या, खानापूर घ्या नाहीतर निपाणी-चिक्कोडी, धंदा बसला की माणूस आधी सोसायटीचा हप्ता थकवतो, मग पर्सनल लोनचा, पण गाडीचा हप्ता मात्र हातउसने करून करून भरत राहतो, कारण दारातली गाडी गेली की सगळ्या गल्लीला कळतं. नादारीचा, म्हणजे कर्ज फिटत नाही म्हणून कोर्टात दिवाळखोरीचा, अर्ज करायच्या बेतात असलेल्या माणसाला हीच सवय सगळ्यात महाग पडते असं माझं मत आहे, म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो.

आधी कायदा कुठला ते बघा. युट्यूबवर चॅप्टर सेव्हन आणि चॅप्टर थर्टीन सांगतात ते अमेरिकेचं आहे, तिथं बँकेशी नव्याने करार करून गाडी ठेवायची सोय कायद्यातच आहे. आपल्याकडं साध्या माणसाला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि त्यात कर्जदारासाठी तसलं कलम नाही. आयबीसी २०१६ या नव्या दिवाळखोरी कायद्यातला वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिलेल्यांना लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेत प्रायव्हेट लिमिटेड काढून गॅरंटीवर स्वतः सही केलेले असाल तर तुमचा रस्ता एनसीएलटीचा, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाचा, बाकी सगळ्यांचा जिल्ह्यातल्या कोर्टाचा.

आता मुद्दा. कोर्टानं नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाकडं नाहीतर कोर्टानं नेमलेल्या रिसिव्हरकडं जाते आणि तारण नसलेले साधे सावकार कोर्टाला विचारल्याशिवाय दावा लावू शकत नाहीत. पण त्याच १९२० च्या कायद्याच्या कलम २८ मध्येच लिहिलंय की तारण असलेल्या सावकाराचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्सच्या कर्जाची नोंद, चढलेली आहे ना, मग फायनान्सवाला तारणवाला झाला. नादारी घेतली म्हणजे गाडी वाचली हा बाजारात फिरणारा सल्ला त्यामुळं साफ चुकीचा आहे. हप्ता थकला की ते गाडी ओढू शकतात, फक्त मारामारी-दमदाटी करून नाही, आणि वसुलीचे फोनसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत.

ठेवायचीच असेल तर हप्ता एकही न चुकता भरावा लागणार, वर इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, डिझेल. एवढं करूनही अॅग्रीमेंट नीट वाचा, कारण बऱ्याच अॅग्रीमेंटमध्ये कर्जदार नादार झाला हेच डिफॉल्ट धरलेलं असतं, म्हणजे हप्ते वेळेवर असले तरी सगळं कर्ज एकदम मागायला मोकळे. प्रत्यक्षात पैसे येत असतील तर उगीच गाडी ओढायचा खर्च कोण करणार, पण ती त्यांची मर्जी झाली, तुमचा हक्क नाही. त्याच बँकेचं पर्सनल लोन असेल तर अजून एक गोची, गाडी फिटली तरी दुसरी बाकी दाखवून एनओसी अडवतात, आणि एनओसी नाही तर फॉर्म ३५ नाही आणि एचपी उतरत नाही.

तरी ठेवणं शहाणपणाचं कधी? एक, मोजकेच हप्ते उरलेत तेव्हा. दोन, गाडीच कमावते तेव्हा, म्हणजे येल्लो बोर्ड टॅक्सी किंवा गोव्याला भाजी नेणारी पिकअप. फक्त एवढं धरून चला की कायद्यानं जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू म्हणजे कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं-बैल-बियाणं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, त्यात पिकअप बसवायचा प्रयत्न वकील करतील पण त्यावर घर चालवायचा प्लॅन करू नका.

सोडायच्या बाजूला सगळा हिशोब एकाच आकड्यावर आहे, तो म्हणजे आजची किंमत वजा फोरक्लोजरची, म्हणजे कर्ज आज एकदम मिटवायची, रक्कम. फोरक्लोजर स्टेटमेंट लेखी मागवा, तोंडी आकड्यावर जाऊ नका. समजा बाकी ४ लाख ६० हजार निघाली आणि गिऱ्हाईक ३ लाख ८० हजार द्यायला तयार आहे. ८० हजाराचा खड्डा. तो रोख भरल्याशिवाय नाहीतर बँकेनं सूट दिल्याशिवाय विक्री होत नाही, मग राहतं ते गाडी स्वतःहून जमा करणं. लिलावात किंमत अजून पडते आणि गाडी ठेवून घेतात त्या यार्डचा खर्च वर चढतो, धरा खड्डा दीड लाखाचा झाला. पण नादारीत तो दीड लाख बिनतारणी देण्यात पडतो, पतपेढी आणि क्रेडिट कार्डाच्या रांगेत, आणि शेवटी डिस्चार्ज, म्हणजे उरलेल्या देण्यातून कोर्टाची सुटका, मिळाला तर त्यातच निघतो. म्हणजे बाकी किमतीपेक्षा जास्त असलेली, न कमावणारी गाडी दरमहा १३-१४ हजार घालून ठेवणं हे मला तरी वेडेपणाच वाटतं.

मात्र जामीनदार असेल तर हा सगळा हिशोब उलटा होतो. तुम्ही नादार झालात म्हणून जामीनदार सुटत नाही, तुमचा डिस्चार्ज झाला तरी नाही. आपल्याकडं जामीनदार म्हणजे मेव्हणा, चुलतभाऊ नाहीतर शाळेतले सर, त्यांच्या पगारावर तो दीड लाख जाऊन बसणार. अशा वेळी ठेवून फेडणं किंवा ते ८० हजार जमवून चांगल्या भावाला विकणं बरं, निदान त्यांना आधी विश्वासात तरी घ्या. हप्त्यापोटी चेक दिलेले असतील तर तेही लक्षात ठेवा, चेक बाऊन्सची १३८ ची केस फौजदारी असते आणि नादारीच्या आड ती थांबेल या भरवशावर राहू नका.

उलट गाडी बाकीपेक्षा जास्तीची असेल, समजा विकून सगळं फिटून लाखभर हातात येतंय, तर अर्ज करायच्या आधी विकणं सोपं, नंतर ती विकायचा अधिकार तुमचा राहत नाही. पण विक्री बाजारभावानं, पैसे बँकेतून, कागद जपून. भावाच्या नावावर फुकट चढवलेली गाडी पुढं दोन वर्षांच्या आत अर्ज झाला तर कोर्ट परत ओढू शकतं, आणि वरच्या लाखातून एकट्या मेव्हण्याचे हातउसने भागवले आणि तीन महिन्यांत अर्ज पडला तर तेही उलटवता येतं. आपल्याकडं आधी घरच्यांचं भागवायची रीत आहे, माणूस म्हणून बरोबर आहे, कोर्टात चालत नाही.

बदली गाडीचं काय? नवीन लोन विसरा. डिस्चार्ज न झालेल्या नादारानं ते न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पन्नास लाख नव्हे हां, पन्नास रुपये, १९२० चा आकडा तसाच राहिलाय. रोखीनं जुनी मारुती घेतली तर डिस्चार्जपर्यंत तीही रिसिव्हरच्या हिशोबात येते, म्हणून घेतली तर स्वस्तातली घ्या. बायकोच्या स्वतःच्या कमाईतून तिच्या नावावर घेतली तर गोष्ट वेगळी, पण कमाई खरी तिचीच असायला पाहिजे आणि पासबुकात दिसायला पाहिजे.

आणि कोल्हापूर-सांगलीची एमएच ०९, एमएच १० गाडी स्वस्त मिळते म्हणून उडी मारू नका. बारा महिन्यांच्या वर इकडं ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून केए २२ नाहीतर केए २३ हा इकडचा नंबर करून घ्यायला लागतो आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स भरायला लागतो, नव्या गाडीला तो किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी, तरी वाचवलेले पैसे तिथं जातात. नुसतं गावात फिरायला असेल तर सेकंडहँड स्कूटर बास, आणि घरातल्या बायकांना जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेही हिशोबात धरा.

वकिलाकडं जाताना आरसी, लोन अॅग्रीमेंट, फोरक्लोजर स्टेटमेंट आणि जामीनदाराचे कागद घेऊन जा, कोर्टाची नोटीस कन्नडमध्ये आली असेल तर कुणा कन्नड येणाऱ्याकडून नीट वाचून घ्या, तारीख चुकवू नका. फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं अर्ज करा, बायका आणि एससी-एसटी लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. आणि हे सगळं गाडी यार्डात जायच्या आधी करा, नंतर फोरक्लोजरचा आकडासुद्धा तेच सांगतील तो.