एक लिटरचा स्टीलचा थर्मास: बाटली उत्तम, पण ती रिंग!

“मॅडम, रिंग वेगळी मिळत नाही. झाकणही वेगळं मिळत नाही. जुनी बाटली आणून द्या, नवीन घेतलीत तर सूट देऊ.”

ग्राहक सेवेकडून मिळालेलं हे शेवटचं उत्तर. बाटली अकराशे रुपयांची आणि झाकणाखालची रिंग, पुढे कळलं त्याप्रमाणे, वीस रुपयांची. म्हणूनच सविस्तर लिहितेय. थर्मास एक लिटरचा, बटण दाबून ओतायच्या झाकणाचा. बाकीची माहिती खोक्यावर असतेच.

आमच्याकडे हा थर्मास अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी आला. ते पहाटे साडेतीनला उठतात आणि उठल्या उठल्या त्यांना कपभर गरम पाणी लागतं. हात थरथरतात, तरी अंधारात लायटर शोधून गॅस पेटवायचे. मी आतल्या खोलीत जागी. गॅस बंद केल्याचा आवाज येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. “अण्णा, मला हाक मारत जा,” असं कितीदा सांगितलं. “तू दिवसभर राबतेस, तुझी झोप कशाला मोडू?” हे ठरलेलं उत्तर.

थर्मास आल्यापासून रात्री झोपताना भरून त्यांच्या टेबलावर ठेवते. फिरकीचं झाकण त्यांना उघडता आलं नसतं, म्हणून मुद्दाम बटणाचं घेतलं. अंगठ्यात जोर नाही, तर ते मनगटाजवळच्या भागाने बटण दाबतात, डाव्या हाताने बाटली टेकवून धरतात आणि कप अर्धाच भरतात. एक थेंब बाहेर जात नाही. त्यांच्यानंतर उरलेलं पाणी यांना मिळतं. हे अंबडच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला असतात, सकाळी दमून येतात आणि मला न उठवता स्वतःचा चहा करून घेतात. मग लेकीच्या शाळेची गडबड, तिच्या दुधात घालायला कढत पाणी. एक लिटर आकार मला सुरुवातीला अवाढव्य वाटला होता. आता वाटतं, याहून लहान घेऊच नये.

पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

पावसाळा संपता संपता अण्णा म्हणाले, “पाणी हल्ली कोमट लागतं गं.” टेबलावर बाटलीखाली ओला गोल दिसायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, आत हवा शिरली, आता फेकून द्या. पण अकराशे रुपयांची वस्तू मी अशी फेकणार नव्हते. आधी नीट तपासलं. उकळतं पाणी काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि पाचदहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवला. दोन भिंतींमधली पोकळी गेली असेल तर बाहेरचा पत्रा तापतो. आमचा थंडगार होता. म्हणजे बाटली ठणठणीत.

हे समजून घेण्यासारखं आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये असं भांडं केलं तेव्हापासून तत्त्व तेच आहे: दोन भिंतींमधली हवा काढून घेतली की उष्णतेला भिंतीतून बाहेर पडायला वाट जवळजवळ राहत नाही. राहते ती फक्त तोंडाकडून, मानेच्या पत्र्यातून आणि झाकणातून. म्हणजे एवढी सगळी कारागिरी शेवटी झाकणाखालच्या सिलिकॉनच्या रिंगवर येऊन थांबते. ती सैल पडली की वाफ निघून जाते आणि बाटली आडवी झाली की पाणी गळतं. स्टील वीस वर्षं टिकेल, रिंग रोजच्या वाफेने वर्षभरातही ढिली पडते. जी वस्तू झिजणारच हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत आहे, तीच सुटी विकायची नाही, याचा मला मनापासून राग आहे.

कंपनीला बिलाचा फोटो पाठवला, मग झाकणाचा, मग व्हिडिओ मागितला तोही पाठवला. दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. वॉरंटी “थर्मल परफॉर्मन्स”ची, म्हणजे पाणी गरम राहण्याची आहे, रबरी भागांची नाही, हे अगदी शेवटी सांगितलं.

मग एका दुपारी झाकण पिशवीत टाकून जुन्या नाशकातल्या भांडी बाजारात गेले. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, दांडे विकणारं छोटं दुकान. तिथल्या काकांनी झाकण हातात घेतलं, जुनी रिंग नखाने उचकटून काढली आणि मला तिची आतली बाजू दाखवली. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या रिंगच्या खाचेत काळी बुरशी साचली होती. त्यांनी डब्यातून तीनचार रिंगा काढून एकेक बसवून पाहिली. “ताई, ही पिळून बघा. पिळल्यावर पांढरी पडली तर घेऊ नका, माल भेसळीचा असतो.” तिसरी रिंग चपखल बसली. वीस रुपये. मी दोन घेतल्या. बटणाखाली आणखी एक बारीक वॉशर असतो, तोही त्यांनी काढून धुवायला शिकवला. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

त्या रात्री भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी अण्णांना फुंकून प्यावं लागलं. आणि माझं मत पुन्हा बदललं.

खरी कसोटी जानेवारीत लागली. ठाण्याहून ताई आली, आम्ही दोघीच कळसूबाईला निघालो. बहिणी बहिणींनी दोन दिवस कुठे जायचं हे लग्नापासून नुसतं बोलण्यातच होतं. तिला इगतपुरी स्टेशनवर घेतलं, घोटीवरून भंडारदऱ्याला गेलो, दुपारभर धरणाच्या काठी बसून गप्पा मारल्या आणि रात्री पायथ्याच्या बारी गावात एका घरी राहिलो. पहाटे चुलीवर कोरा चहा उकळला, गवती चहा आणि आलं ठेचून. दूध मुद्दाम घातलं नाही. थर्मासमध्ये दुधाचा चहा तासन्‌तास ठेवला की नासायची भीती असते आणि रिंगला धरलेला वास जाता जात नाही. आधी थर्मासमध्ये पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ते ओतून दिलं आणि मग चहा काठोकाठ भरला. आत रिकामी जागा जितकी जास्त, तितका चहा लवकर निवतो.

“अगं, एवढं लोढणं कशाला? वाटेत टपऱ्या असतात की,” ताई म्हणाली. पण आम्ही अंधारात निघालो होतो, टपऱ्यांवर ताडपत्री ओढलेली. लोखंडी शिड्यांचे दांडे इतके गार होते की ताईने ओढणी हाताला गुंडाळली. पहिली शिडी चढून टेकलो तेव्हा तिच्या हातून थर्मास सुटला आणि खडकावर आपटला. बुडाशी चांगला बोटभर पोचा पडला. तिचा चेहरा उतरला. मी थर्मास कानाशी धरून हलवला, वरून हात फिरवला. पत्रा गारच होता.

माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवीच्या छोट्या देवळाला टेकून बसलो. वारा अंगाला झोंबत होता. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी उजळत होतं. बटण दाबलं आणि कपातून वाफ आली. निघून चारेक तास झाले असतील, पण चहा जीभ पोळेल असा. त्या वाऱ्यात कपात ओतलेला चहा पटकन पितो तोच आपला. ताईने दोन्ही हातांत कप धरला, बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “आईला एकदा इथे आणायला हवं होतं गं.” आम्ही दोघींनी दुसरा कप भरला आणि आईविषयीच बोलत बसलो. तिच्या जाण्यानंतर आम्ही इतकं निवांत बोललोच नव्हतो. उतरताना थर्मास सॅकमध्ये आडवा होता. ताईचा स्वेटर त्याच्याच खाली, पूर्ण कोरडा.

बाकीचं थोडक्यात. रंग काही ठिकाणी उडालाय. पट्टा तकलादू, तो काढूनच टाकला. बाटलीचं तोंड अरुंद आहे, लांब दांड्याच्या ब्रशशिवाय आत हात पोचत नाही. आमच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो, त्याला गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून तासभर ठेवते. तारेची घासणी आत कधीच घालू नका. “चोवीस तास गरम” हे झाकण न उघडता मोजलेलं असतं. आमच्यासारखं दिवसातून दहा वेळा बटण दाबलं तर दहाबारा तास धरून चाला, आणि तेवढे पुरतात.

माझे तारे: बाटलीला पाच, झाकणाला तीन, कंपनीच्या सेवेला एकही नाही. घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, “याची रिंग सुटी देता का?” नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा. आधीच घेतला असेल तर झाकण घेऊन कुकर दुरुस्तीवाल्याकडे जा, रिंग तिथेच बसवून बघा आणि एक जादा आणून ठेवा. आठवड्यातून एकदा रिंग आणि बटणाखालचा वॉशर काढून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात घाला, पुसून, पूर्ण सुकल्यावरच परत बसवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, मी तक्रार नोंदवली आहे. पैसे परत नकोत, रिंग सुटी विका एवढीच मागणी आहे. कंपनीचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.